कार्ड तीनदा बदललं, तरी पैसे जातातच: गळती शोधायची कुठे?

अडचण अशी. क्रेडिट कार्डावर आपण न केलेला खर्च दिसतो. बँकेला फोन करतो, कार्ड बंद होतं, आठ दिवसांत नवं कार्ड कुरियरने येतं. आपण हुश्श करतो. दोन-तीन महिन्यांनी पहाटे पुन्हा तसाच मेसेज. पुन्हा फोन, पुन्हा नवं कार्ड. माझ्या बाबतीत हे चौदा महिन्यांत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी कस्टमर केअरच्या मुलीने विचारलं, "सर, आधीची दोन्ही कार्डं याच कारणाने बदललीत ना?" तिने साधंच विचारलं होतं, पण मला ते लागलं.

लागायचं कारण माझा धंदा. नाशिकला कॉलेज रोडवर माझं छोटं ऑफिस आहे, आयकर आणि जीएसटीची रिटर्न भरण्याचं. दिवसभर लोकांना सांगतो, पॅन जपून ठेवा, पासवर्ड कुणाला देऊ नका. आणि माझंच कार्ड सारखं फुटतंय.

शेवटी कळलं ते एवढंच, की मी नळाचं वायसर बदलत बसलो होतो आणि पाइप भिंतीच्या आत फुटलेला होता. फ्रॉड परत परत होत असेल तर गळती बहुतेक वेळा कार्डात नसते. ती फोनमध्ये असते, ईमेलमध्ये असते, पॅनच्या एखाद्या झेरॉक्समध्ये असते, नाहीतर आपल्याच एखाद्या सवयीत असते. गळतीची जागा सापडेपर्यंत नवं कार्ड म्हणजे चोराला नवं कोरं पाकीट.

माझी गळती कशी सापडली ते सांगतो. त्यानंतर आमच्या साडूंची आणि निफाडच्या एका अण्णांची भानगड निस्तरताना जे कळलं तेही सांगतो. तिघांचं दुखणं वेगळं निघालं.

पैसे आत्ताच गेले असतील तर

हा भाग आधी, कारण इथे मिनिटं मोजावी लागतात. बँकेच्या ॲपमधून कार्ड लगेच लॉक करा. ॲप उघडत नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. इंटरनेटवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात आणि घाबरलेला माणूस नेमका तिथेच जातो. तो नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा. कार्ड हरवलं तर त्याची मागची बाजू वाचणार कशी?

लगेच दुसरा फोन १९३० ला. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. व्यवहाराची वेळ, रक्कम, व्यवहार क्रमांक आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून किंवा वॉलेटमधून निघून जायच्या आत तिथे गोठवणं हा या फोनचा उद्देश आहे. म्हणून "सकाळी बघू" म्हणालात की संपलं. मिळालेला पोच क्रमांक लिहून घ्या आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार त्याच दिवशी पूर्ण करा.

बँकेकडे तक्रार लेखी हवी, ईमेलने किंवा ॲपमधून, आणि तिचा क्रमांक हवा. त्याचं कारण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. चूक ना तुमची ना बँकेची, मध्येच कुठेतरी घोटाळा झालाय, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात केली तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये तुमच्या अंगावर. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू. मेसेज आला तो दिवस मोजणीत धरत नाहीत. शुक्रवारी रात्री मेसेज आला आणि उद्या दुसरा शनिवार असेल तर पहिला दिवस सोमवार. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती परत दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर असते. हे वाक्य पाठ करून ठेवा, ब्रँचमध्ये उपयोगी पडतं.

ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर? मग कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे लाज वाटली तरी फोन आधी करायचा. आमच्याकडे लोक दोन दिवस घरात कुणाला सांगत नाहीत आणि तेवढ्यात दुसरा हप्ता जातो.

बिलातला वाद नसलेला भाग मात्र वेळेवर भरत राहा. फ्रॉड म्हणून नोंदवलेल्या रकमेवर वाद मिटेपर्यंत कंपनीने शुल्क लावायचं नाही, असा नियम आहे. पण रागाच्या भरात अख्खं बिल थकवलंत तर बाकीच्या रकमेवर व्याज चढेल आणि सिबिलही बिघडेल.

आधी एकच प्रश्न: ओटीपी आला होता का?

आग विझली की निवांत बसा आणि त्या व्यवहाराच्या आसपासचे मेसेज काढा. डॉक्टर जसे आधी "ताप आहे का" विचारतात, तसा इथे पहिला प्रश्न ओटीपीचा.

ओटीपी आलाच नाही आणि व्यवहार परदेशातल्या संकेतस्थळावर झाला, तर चोराकडे फक्त कार्डाचा नंबर आहे. तुमचा फोन बहुधा ठीक आहे. ओटीपी मागवला गेला पण व्यवहार अडला, तर नंबर फुटलाय आणि कुलपाने काम केलंय. ओटीपी तुमच्या फोनवर आला, तुम्ही तो कुणालाही दिला नाही, तरी व्यवहार पूर्ण झाला, तर कार्ड विसरा, फोन बघा. आणि कार्डावर काहीच नाही, पण न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचे फोन येताहेत, तर चोरी पैशांची नसून नावाची आहे.

ओटीपी आला नाही, खर्च परदेशातला

माझं दुखणं हे. पहाटे तीनच्या सुमारास साधारण २,४०० रुपये. व्यापाऱ्याचं नाव म्हणजे इंग्रजी अक्षरांची खिचडी, पुढे कुठल्यातरी परदेशी गावाचं नाव. मी तीनदा "फ्रॉड" म्हणून तक्रार केली, तीनदा कार्ड बदललं.

तिसऱ्या तक्रारीचं उत्तर आलं तेव्हा बँकेने व्यापाऱ्याने दिलेली कागदपत्रं जोडली होती. त्यात माझाच ईमेल पत्ता. तारीख रिटर्नच्या हंगामातली, वेळ रात्री पावणेबाराची, रक्कम ८५ रुपये. मग डोक्यात प्रकाश पडला. एका गिऱ्हाइकाचं बँक स्टेटमेंट पीडीएफमध्ये होतं, मला ते एक्सेलमध्ये हवं होतं. शोधून एक साइट काढली, तिने "फक्त ८५ रुपयांत" फाइल बदलून दिली. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की सात दिवसांनी दरमहा पूर्ण वर्गणी. ८५ रुपयांना ओटीपी मागितला नाही, त्यामुळे तो व्यवहार म्हणून डोक्यात राहिलाच नाही. आणि साइट सोयीची वाटली म्हणून पुढच्या वेळी, नव्या कार्डाचा नंबर, मीच पुन्हा तिथे टाकला. दोनदा. चोर शोधत होतो आणि दार मीच उघडून देत होतो.

त्याहून वाईट गोष्ट नंतर लक्षात आली. पैसे माझे गेले, पण त्या अनोळखी साइटवर मी स्टेटमेंट चढवली होती ती गिऱ्हाइकांची. हे अजून बोचतं.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो. त्या साइटवर लॉगिन करून वर्गणी रद्द केली, रद्द केल्याचा ईमेल आणि स्क्रीनशॉट जपून ठेवला. मग बँकेला कळवलं की हा फ्रॉड नाही, "रद्द केलेल्या वर्गणीचे पैसे कापले" असा वाद आहे. कारण चुकीचं लिहिलं की तक्रार फेटाळली जाते. व्यापारी तुमचा ईमेल दाखवतो आणि विषय संपतो. रद्द केल्यानंतर कापलेली एक रक्कम परत आली, आधीच्या गेल्या त्या गेल्या.

दुसरं काम अर्ध्या मिनिटाचं होतं आणि ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये "आंतरराष्ट्रीय व्यवहार" हे बटण असतं, ते बंद केलं. १ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डाला ऑनलाइन, परदेशी आणि टॅप करून चालणारे व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करायची सोय देणं बँकांना बंधनकारक आहे, मर्यादाही ठरवता येते. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला दुसरी पडताळणी लागते. परदेशी व्यापारी मात्र नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवर पैसे काढू शकतो. म्हणून परदेशी बटण बंद ठेवायचं. गरज पडली की दहा मिनिटांपुरतं उघडायचं.

माझ्यासारखं स्वतःचं कर्तृत्व नसेल आणि खर्च खरोखर परका असेल, तर सुरुवात बहुधा एखाद्या चिल्लर रकमेने झालेली सापडेल. कार्डाचे सुरुवातीचे आकडे बँकेप्रमाणे ठरलेले असतात आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून गणिताने निघतो. त्यामुळे संगणकाकडून हजारो शक्य नंबर तयार करून घेता येतात. मग छोटी रक्कम मारून कुठलं कार्ड जिवंत आहे ते तपासतात. पाच-दहा रुपयांचा अनोळखी व्यवहार "जाऊ दे" म्हणून सोडू नका. तो चोराचा दारावरचा टकटकाट असतो.

आणखी एक जागा तपासा: ई-मँडेट, म्हणजे ठरावीक वर्गणी आपोआप कापायला आपण एकदाच दिलेली परवानगी. भारतातल्या वर्गण्यांसाठी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. १५,००० रुपयांपर्यंतचा हप्ता नंतर ओटीपीशिवाय जातो. बँकेच्या ॲपमध्ये चालू मँडेटची यादी असते. माझ्या यादीत दोन वर्षांपूर्वी मुलाने घेतलेलं गेमचं काहीतरी निघालं. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदार तुमच्या कार्डाचा खरा नंबर साठवत नाही, त्याच्याकडे फक्त टोकन, म्हणजे खऱ्या नंबराऐवजी वापरायचा बदली नंबर असतो. कार्ड बदललं तर नव्या कार्डाशी जुनी टोकन जोडायला बँकेने तुमची संमती घ्यायला हवी. त्या संमतीच्या पडद्यावर "सगळे निवडा" दाबू नका. जिथे खरंच खरेदी करता तेवढेच ठेवा.

ओटीपी आला, मी दिला नाही, तरी पैसे गेले

आमचे साडू सिडकोत राहतात, अंबडला एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. त्यांचं कार्ड दोनदा बदलून झालं होतं आणि नव्या कार्डावरही तिसऱ्या दिवशी खर्च. "कंपनीतल्याच कुणीतरी नंबर बघितला असेल," हा त्यांचा ठाम संशय. बिचाऱ्या कॅन्टीनवाल्याशी त्यांनी बोलणंही सोडलं होतं.

मी त्यांचा फोन मागितला. व्हॉट्सॲप चाळलं तर महिनाभरापूर्वी ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून आलेली फाइल: वाहतूक चलानाच्या नावाची, शेवटी "एपीके", म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप बसवणारी फाइल. मुंबई नाक्याच्या सिग्नलवर आपण खरंच थांबलो नव्हतो, या अपराधी भावनेने त्यांनी ती उघडली. ॲप बसलं, त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, यांनी दिली. पडद्यावर काहीच दिसलं नाही, आयकॉनही गायब. हेच चलान, लग्नपत्रिका, शेतकरी योजनेची यादी, "आज रात्री वीज कापली जाईल" अशा नावांनीही येतं. आत गेलं की फोनवर येणारा प्रत्येक मेसेज गुपचूप पुढे पाठवतं. आता तुम्ही कितीही नवी कार्डं घ्या, ओटीपी आधी चोराला कळतो. वर त्यांच्या नंबरवरून तीच फाइल आणखी चाळीस जणांना गेली होती. त्यांनाही ती अशीच ओळखीच्या नंबरवरून आली होती, हे तेव्हा उलगडलं.

इथे क्रम चुकवायचा नाही. फोन आधी, कार्ड नंतर. फोन विमान मोडवर टाकला आणि वायफाय बंद केलं. बँकेचं सगळं काम बायकोच्या फोनवरून केलं. सेटिंगमध्ये "परवानग्या" उघडून मेसेज वाचायची मुभा कुणाकुणाला आहे ते पाहिलं. बिननावाचं, कोरा आयकॉन असलेलं एक ॲप तिथे बसलेलं होतं. ते काढायला गेलं की निघेना, कारण त्याने "डिव्हाइस ॲडमिन"चा हक्क घेतला होता. "ॲक्सेसिबिलिटी"मध्येही तेच. हे दोन हक्क आधी काढले की ॲप निघतं. पण तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण फॉरमॅट केला. महात्मा गांधी रोडवरचा मोबाइलवाला पोरगा म्हणाला, "काका, आठवड्याला असे चार येतात." ॲप परत घेताना बॅकअपमधून घेतले नाहीत, एकेक करून प्ले स्टोअरवरून घेतले.

मग पासवर्ड. तेही दुसऱ्या फोनवरून आणि सुरुवात ईमेलपासून. ईमेल ही सगळ्या किल्ल्यांची पेटी आहे. बँक, शॉपिंग, सगळ्यांचा "पासवर्ड विसरलो" तिथेच येतो. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. कुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे ते बघून सगळी काढून टाका, आणि "फॉरवर्डिंग" व "फिल्टर"मध्ये कुणी नियम घालून ठेवलाय का ते पाहा. बँकेचे मेल दुसऱ्याच पत्त्यावर जाताहेत आणि तुमच्या इनबॉक्समधून नाहीसे होताहेत, असंही सापडतं. व्हॉट्सॲपची "जोडलेली उपकरणं" रिकामी करा आणि दोन टप्प्यांचा पिन लावा.

फोनवर *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले नाहीत ना, ते बघा. कुरियरवाला म्हणून कुणीतरी सांगतो, "हा कोड दाबा, पार्सल येईल," आणि तुमचे कॉल त्याच्याकडे जायला लागतात. ओटीपी कॉलवरही सांगता येतो, हे आपल्या लक्षात राहत नाही. ##००२# दाबलं की सगळं वळवणं रद्द होतं.

सिमचा मामला थोडक्यात: फोनची रेंज भलत्याच वेळी गेली आणि घरातल्या इतरांची आहे, तर टॉवरला दोष देत बसू नका. तुमच्या नावाचं दुसरं सिम निघालं असेल. कंपनीला आणि बँकेला लगेच कळवा.

हे सगळं झाल्यावर साडूंनी नवं कार्ड मागवलं. त्यानंतर आजपर्यंत शांत आहे. कॅन्टीनवाल्याला त्यांनी चहा पाजला. म्हणजे त्याचाच चहा, पैसे यांचे.

कार्ड ठीक, पण नावावर कर्ज

निफाडचे अण्णा माझे जुने गिऱ्हाईक. द्राक्षाची बाग, हिशेब चोख, फोन बटणांचा. ट्रॅक्टरच्या कर्जाला गेले तर बँकेने नाही म्हटलं. "तुमची आधीची थकबाकी आहे." अण्णांनी आयुष्यात सोसायटीशिवाय कुणाचं कर्ज घेतलं नव्हतं. पतमाहितीचा रिपोर्ट काढला तर मोबाइल ॲपवरून दिलेली ८,००० आणि १४,५०० ची दोन कर्जं आणि एक क्रेडिट कार्ड. बटणांच्या फोनवर!

हे दुरुस्त व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडे पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. लोक फक्त सिबिल बघतात. चारही बघा, कारण एकीत दुरुस्त झालेली नोंद दुसरीत तशीच असू शकते. रिपोर्टमध्ये आकड्याचा स्कोअर सोडून दोन भाग वाचा. पहिला "चौकशी": तुमच्या नावावर कर्ज द्यायचं का, म्हणून कुणी कधी विचारणा केली. अनोळखी कंपनीची विचारणा हा सगळ्यात आधी दिसणारा इशारा. दुसरा "संपर्क": तुमच्या पॅनखाली नोंदवलेले पत्ते आणि मोबाइल नंबर. अण्णांच्या रिपोर्टमध्ये त्यांचा नसलेला एक मोबाइल नंबर होता, ज्यावरून सगळा खेळ झाला. तुमचा रिपोर्ट कुणी उघडला की मेसेज किंवा ईमेल यायला हवा असा नियम आता आहे, पण रिपोर्टमध्ये चोराचाच नंबर असेल तर इशारा त्यालाच जायचा. म्हणून आधी संपर्क दुरुस्त करून घ्या.

चुकीच्या प्रत्येक नोंदीवर त्या पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर "डिस्प्युट" टाकायचा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं: हे कर्ज मी घेतलेलं नाही, अर्ज, केवायसी, पैसे जमा झालेलं खातं आणि ओटीपी गेलेला नंबर यांचा तपशील द्या. पैसे कुठल्या खात्यात गेले, हा प्रश्न विचारला की समोरचे जागे होतात, कारण ते खातं तुमचं नसतं. तीस दिवसांत तक्रार सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची तरतूद २०२४ च्या एप्रिलपासून आहे. पत्रात तिचा उल्लेख करा. रक्कम किरकोळ आहे, पण उत्तर लवकर येतं. न मागितलेलं कार्ड तुमच्या नावावर देऊन बिल लावलं असेल तर ते रद्द करून बिलाच्या दुप्पट दंड द्यायला लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा कार्डांविषयीचा नियमही तिथेच लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

पोलिसांकडे जावंच लागतं, कारण कंपन्या एफआयआरची प्रत मागतात. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. नाशिक शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण पोलीस वेगळे. अण्णा निफाडचे, म्हणजे ग्रामीण. पण हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायची सोय नव्या फौजदारी संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, हे नम्रपणे सांगा. नम्रपणे हा शब्द महत्त्वाचा.

माझ्या धंद्यामुळे माहीत असलेल्या दोन जागा इथे सांगतो, कारण त्या सहसा कुणी बघत नाही. आयकराच्या पोर्टलवर "एआयएस" म्हणजे वार्षिक माहिती पत्रक असतं. तुमच्या पॅनवर वर्षात १० लाख किंवा त्याहून जास्त क्रेडिट कार्ड बिल भरलं गेलं असेल, किंवा रोखीत एक लाख किंवा त्याहून जास्त, तर ते तिथे उमटतं. तुमचं नसलेलं काही दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. दुसरी जागा जीएसटीचं पोर्टल. तिथे पॅन टाकून त्या पॅनवर किती जीएसटी नोंदण्या आहेत ते कुणालाही शोधता येतं. शेतमजुराच्या पॅनवर भंगाराची कंपनी निघाल्याची प्रकरणं आमच्या धंद्यात ऐकायला मिळतात.

मोबाइलसाठी संचार साथी पोर्टल. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं आणि आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं. आधारसाठी बायोमेट्रिक लॉक, म्हणजे बोटांच्या ठशांनी होणारी पडताळणी बंद. फक्त रेशनच्या दुकानात अंगठा द्यायच्या आधी ते उघडावं लागतं, नाहीतर रांगेत खोळंबा होतो आणि मागचे लोक बोलतात. आधारचा गेल्या सहा महिन्यांचा वापर कुठे झाला, तेही आधारच्याच साइटवर दिसतं.

हे फुटलं कुठून, हा प्रश्न अण्णांनी मला विचारला. मी म्हटलं, सांगता येत नाही. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. माझ्या ऑफिसात एका कपाटात नऊ वर्षांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स गठ्ठ्याने पडून होत्या. रद्दीवाला येतो तेव्हा पोरगा कुठला गठ्ठा देतो हे मी कधी बघितलं नव्हतं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा आणि पासपोर्ट छापतात तिथे काय तो बंदोबस्त, आणि त्याच पासपोर्टची झेरॉक्स आपण लॉजच्या काउंटरवर, सिमच्या दुकानात बिनदिक्कत ठेवून येतो. आता सिंहस्थाच्या निमित्ताने तर तंबू आणि खोल्यांच्या बुकिंगसाठी आधार मागणारे किती निघतील देव जाणे.

कपाट रिकामं केलं. कागद फाडायचं मशीन आणलं, दोन रविवार गेले. आता झेरॉक्स घेतलीच तर तिच्यावर आडवं लिहितो: "फक्त आयकर विवरणपत्रासाठी" आणि तारीख, अक्षरं फोटोवर आणि नंबरवर थोडी येतील अशी. पीडीएफ बदलायचं काम आता संगणकातल्याच सॉफ्टवेअरमध्ये करतो, गिऱ्हाइकाचा कागद बाहेरच्या साइटवर चढवत नाही.

नवं कार्ड हातात आल्यावर

पहिल्या दिवशी: परदेशी बंद, टॅप करून पैसे द्यायची सोय लागत नसेल तर बंद (चालू असली की ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही), ऑनलाइन मर्यादा महिन्याच्या खर्चाएवढीच. ब्राउझरमध्ये जुनं कार्ड साठवलेलं असेल तर काढा. बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर आजचाच आहे ना ते बघा. रिचार्ज न केलेला जुना नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. ऑनलाइन वर्गण्यांसाठी मी आता छोट्या मर्यादेचं वेगळं कार्ड ठेवलंय, फुटलं तरी घर बसत नाही.

फोन आला तर: सेवेच्या कॉलसाठी बँकांना १६०० ने सुरू होणारे नंबर दिलेले आहेत. दहा आकडी साध्या मोबाइलवरून "तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज संपताहेत" असं कुणी म्हणालं तर पॉइंट संपू द्या. बँकेच्या साइटचा पत्ता "बँक डॉट इन"ने संपतो का तेही बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्या पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

अण्णांची तिन्ही खोटी खाती चारही रिपोर्टमधून निघायला साडेचार महिने लागले. ट्रॅक्टर आला. या वर्षीच्या रिटर्नसाठी त्यांच्या नातवाने परवा व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो पाठवला, बारा आकडे ठळक. मी उलट फोन केला, "अण्णा, मास्कवालं आधार पाठवायला सांगा." म्हणजे शेवटचे चारच आकडे दिसतात ते.

पलीकडे जरा शांतता. मग अण्णा म्हणाले, "मास्क? आता कुठे राहिलाय मास्क घरात. आणि फोटो तर चौदा सालचा आहे, तेव्हा कुठे होता करोना?"